ज्याची पट्टी त्याने काढावी

२ मार्च, सोमवार

ही वही मुळात तपासणीची. नमुना बदलला म्हणून कार्यालयाने बाद केली आणि मी घरी आणली. प्रत्येक पानावर छापील रकाने आहेत: स्थळ, दोष, शेरा. दैनंदिनी लिहिणाऱ्यांतला मी नाही. पण उद्या माझ्यावर बालंट आलंच, तर हाताशी काहीतरी लेखी असावं म्हणून आजपासून लिहितो.

मी लिफ्ट तपासनीस आहे. यंदा बावीस वर्षं होतील. लिफ्ट ठीक असेल तर आत प्रमाणपत्र लावायचं, खाली माझी सही. ठीक नसेल तर दारावर पिवळी पट्टी चिकटवायची, ‘बंद’. एकदा लावलेली पट्टी दुसऱ्या कोणाला काढता येत नाही, साहेबांनाही नाही. ज्याने लावली त्यानेच काढायची, आणि काढली की एकट्याने आत उभं राहून तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत जाऊन यायचं. आमच्या खात्यातला हा सर्वांत जुना नियम. मला तो फार आवडायचा.

आज साहेबांनी बोलावलं. टेबलावर तक्रारींची चळत होती.

“या तिमाहीत तुम्ही चाळीस लिफ्ट तपासल्या. त्यातल्या अडतीस बंद. सगळ्या शहराच्या लिफ्ट एकदम बिघडल्या का हो?”

“दोष आहेत, साहेब. लेखी दिलेत.”

“एकीचा दोष लिहिलाय, ‘आरसा निरुत्साही’.”

“आरशात माणूस आजारी दिसत होता. उजेड अपुरा.”

“आणि ज्या दोन पास केल्यात त्या माललिफ्ट. माणसांनी आत बसायचं नाही अशी पाटी आहे त्यांच्यावर.”

“म्हणूनच त्या सुरक्षित आहेत,” मी म्हणालो. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले की मी वेडा आहे असं कोणीही म्हणत नाहीये. कोणीही म्हणत नसलेली गोष्ट सांगायला दार कशाला लावावं लागतं, हे मला कळलं नाही. खात्याने एक समुपदेशक बाई नेमल्या आहेत. दर गुरुवारी एक, अशा आठ बैठका. नाही गेलो तर बदली बॉयलर विभागात.

बॉयलरमध्ये बसून वर-खाली जावं लागत नाही, हे क्षणभर मनात येऊन गेलं. पण बावीस वर्षांची नोकरी अशी सोडणार नाही. जाईन. एका तासात बाईंचीच तपासणी करून येईन.

५ मार्च, गुरुवार

स्थळ: बाईंची खोली, सातवा मजला.

इमारतीला दोन लिफ्ट आहेत. मी जिन्याने गेलो, कारण व्यायाम चांगला. दहा मिनिटं उशीर झाला आणि पुढची पाच श्वास घेण्यात गेली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

आडवं पडायचा कोच नाही. दोन साध्या खुर्च्या, एक रोप, आवाज न करणारं घड्याळ. कागदी रुमालांचा डबा येणाऱ्याच्या बाजूला ठेवलेला. हे मला आगाऊपणाचं वाटलं. भिंतीवर बाईंचं प्रमाणपत्र आहे. उठून तारीख पाहिली. मुदतीत आहे.

बाईंनी आधी स्वतःचे नियम सांगितले. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. फक्त कोणाच्या जिवाला धोका दिसला तर त्यांना बोलावं लागेल. पन्नास मिनिटं. सल्ला बहुधा मिळणार नाही. त्या विचारतील, ऐकतील, आणि मार्ग दोघांनी मिळून शोधायचा. त्यांच्याशी सूर जुळला नाही तर तसं सरळ सांगायचं, त्या दुसऱ्या कोणाचं नाव देतील. आणि कधी कधी बोलून झाल्यावर काही दिवस हलकं वाटण्याऐवजी जडही वाटतं.

“म्हणजे दुरुस्ती केल्यावर यंत्र जास्त बिघडू शकतं, अशी तुमची हमी,” मी म्हणालो.

“हमी नाही. कल्पना देते आहे.”

मग विचारलं, “तुम्हाला काय बदललेलं आवडेल?”

“लोकांनी लिफ्टची देखभाल नीट करावी.”

“आणि तुमच्यात?”

मी म्हणालो, माझ्यात काही दोष आढळला नाही. बाईंनी वहीत एक शब्द लिहिला. बावीस वर्षं लोकांची रजिस्टरं समोरून वाचतो आहे, उलटं वाचणं मला सुलट्याइतकंच येतं. शब्द होता: जिना.

शेरा: बाई हुशार नाहीत. मी इतकं लिफ्टबद्दल बोललो आणि लिहिलं काय, तर जिना.

७ मार्च, शनिवार

ही आज ताईकडून आली ती सोफ्यावर बसलीच. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, नवव्या मजल्यावर राहते. महिन्यापूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या इमारतीची लिफ्ट मी वीस फेब्रुवारीला बंद केली. तेव्हापासून ताई वर आणि जग खाली. तिला व्यायाम द्यायला येणारी बाई नऊ मजले चढून येते आणि आधी स्वतः अर्धा तास आडवी होते.

“पट्टी काढा ती,” ही म्हणाली.

“दोष आहे.”

“काय दोष?”

“दार उघडताना कुरकुरतं.”

“आपल्या कपाटाचं दार वीस वर्षं कुरकुरतंय. मी अजून त्याच्यातूनच साड्या काढते.”

नियम सगळ्यांना सारखे, असं मी सांगितलं. ही म्हणाली, ताईला वाटतंय की तुम्ही मुद्दाम सूड उगवताय.

सूड कसला? ताई चौदा महिने माझ्याशी बोलत नाही, हे खरं. बाबा गेले त्या दुपारी मी दवाखान्यात वेळेवर पोचलो नाही. तिने विचारलं, कुठे होतास? मी मीटिंगमध्ये होतो असं सांगितलं. त्यावर ती जी गप्प झाली ती झालीच. मीही पुढे काही बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१२ मार्च, गुरुवार

आज बाई तीन मिनिटं गप्प बसल्या. मी घड्याळ लावून मोजली. एवढ्या वेळात मी दोन जिने तपासले असते. जिने मी तपासत नाही, पण तपासले असते.

शेवटी मीच बोलायला सुरुवात केली. लिफ्ट का पडू शकत नाही, ते समजावून सांगितलं. सहा दोर असतात आणि त्यातला एकटा एक अख्खं वजन पेलतो. सगळे तुटले तरी खालचे जबडे रुळांना आवळून धरतात. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे काहीही बिनसलं तरी लिफ्टला एकच येतं, जागच्या जागी थांबणं. कागदावर चित्र काढून दाखवलं. वीस मिनिटं बोललो. बाई मन लावून ऐकत होत्या. आमच्या घरी इतकं कोणी ऐकत नाही.

“म्हणजे लिफ्ट सुरक्षित असते हे तुम्हाला पक्कं माहीत आहे.”

“माझ्याइतकं या शहरात कोणाला माहीत नसेल.”

“आणि तरी तुम्ही जिन्याने येता.”

मी पाणी मागितलं. सगळा पेला एका दमात संपवला, उन्हाळा लागलाय.

जाताना बाईंनी गृहपाठ दिला. आठवडाभर लिफ्ट कुठे टाळली आणि त्या वेळी स्वतःला काय कारण दिलं, ते लिहून आणायचं. पन्नाशीच्या माणसाला गृहपाठ.

१८ मार्च, बुधवार

गृहपाठ, उतरवून काढलेला:

शुक्रवार. कार्यालय, तिसरा मजला. कारण: व्यायाम.

शनिवार. दाताचा दवाखाना, पाचवा मजला. कारण: लिफ्टमध्ये एक बाई कुत्रा घेऊन उभ्या होत्या. कुत्रा छोटा होता. तरीही.

सोमवार. बँक, दुसरा मजला. कारण: बूट नवीन, सैल व्हायला हवेत.

मंगळवार. कार्यालय. लिफ्ट रिकामी होती, दार उघडं होतं, बूट जुने होते, कुत्रा नव्हता. कारण सुचेना. फोन आल्याचं नाटक करून कानाला लावला आणि जिन्याकडे वळलो. तेवढ्यात कानावरचा फोन खरंच वाजला. शिपायाने पाहिलं.

हे सगळं एका पानावर लिहिल्यावर वाचायला बरं वाटत नाही. असा अहवाल दुसऱ्या कोणी दिला असता तर मी त्याच्यावर पट्टी लावली असती.

२० मार्च, शुक्रवार

साहेबांनी बाईंकडे माझा अहवाल मागवला होता. उत्तर आलं. त्यात एवढंच, की सदर गृहस्थ ठरलेल्या वेळी हजर राहतात. साहेबांनी फोन करून विचारलं, सुधारणा किती टक्के? बाई म्हणाल्या, ते त्यांनाच विचारा, त्यांना सांगायचं असेल तर सांगतील. साहेब दिवसभर फणफणत होते. मला मात्र बाईंबद्दल प्रथमच आदर वाटला. मागूनही अहवाल न देणारं माणूस आमच्या खात्याने अजून पाहिलेलं नव्हतं.

दुपारी बॉयलरवाला येऊन चिकटला. हा आमच्या बॉयलर विभागाचा तपासनीस. पहिल्या आठवड्यात याने सगळ्या खोलीसमोर विचारलं होतं, “काय, डोक्याला ऑइलिंग करून आलात का?” आमच्या काळी असली थेरं नव्हती, असंही वर म्हणाला होता. आज आवाज अगदी खाली.

“त्या बाईंचा नंबर मिळेल का? माझ्या एका मित्राला हवाय.”

“काय होतंय मित्राला?”

“झोप लागत नाही. बायको माहेरी जाऊन बसलीये. कशातच मन लागत नाही म्हणतो.”

बॉयलरवाल्याची बायको जानेवारीपासून माहेरी आहे. मी नंबर दिला. दिवस मावळेपर्यंत आणखी दोघांच्या मित्रांना नंबर लागला. एकाने तर मावसभावासाठी मागितला आणि बोलता बोलता ‘मला’ म्हणून गेला. हे खातं इतके दिवस चाललं कसं, देव जाणे.

२६ मार्च, गुरुवार

आज काय झालं ते जमेल तसं लिहितो.

बाईंनी बाबांबद्दल विचारलं. मी सहज एक गंमत सांगायला गेलो. बाबा कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आधी प्रमाणपत्र शोधायचे, सहीवर बोट ठेवायचे आणि आत असेल त्याला सांगायचे, “ही आमच्या चिरंजिवांची सही. बिनधास्त चला.” लोक दुसरीकडे बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हे सांगून मी हसलो, बाई हसल्या, आणि मग माझं हसणं थांबेना. पुढे ते हसणं राहिलं नाही.

तर, त्या दुपारी मी मीटिंगमध्ये नव्हतो. तीन वाजून दहा मिनिटांनी दवाखान्याच्या लिफ्टमध्ये शिरलो. बाबा पाचव्या मजल्यावर होते. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये थांबली. आत मी एकटा, फोनला रेंज नाही, आणि समोर काचेत प्रमाणपत्र. अकरा दिवसांपूर्वीचं, माझ्या सहीचं.

घंटा दाबली. वरून कोणीतरी ओरडलं, “आत कोण आहे?” तपासनीस आहे, एवढं म्हटलं असतं तर दोन मिनिटांत काय करायचं ते सांगता आलं असतं. मी म्हणालो, “एका पेशंटचा नातेवाईक.” चाळीस मिनिटं मी नातेवाईक होऊन उभा राहिलो. तीन पन्नासला त्यांनी दार अर्धं सरकवलं, मी घसटत बाहेर आलो आणि जिन्याने वर धावलो. ताई दाराशी उभी होती. तिच्या तोंडावरूनच कळलं.

तिने विचारलं आणि मी मीटिंग म्हणालो. माणसाने बेजबाबदार म्हणवून घ्यावं, नालायक म्हणवून घेऊ नये, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात होतं. आपणच पास केलेल्या लिफ्टमध्ये अडकून बापाची शेवटची भेट चुकली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. आज मी मोजलं नाही. मग त्यांनी विचारलं, “ती लिफ्ट का थांबली होती?”

“विजेचा दाब खालीवर झाला. ब्रेक लागला.”

“तुम्ही मला चित्र काढून दाखवलं होतंत तसा?”

“तस्साच.”

“म्हणजे तुमची सही खोटी नव्हती.”

चौदा महिन्यांत हा विचार एकदाही मनात आला नव्हता. मी, तपासनीस, बावीस वर्षांचा. खोलीत धूळ बरीच आहे, त्यामुळे कागदी रुमाल वापरावे लागले. पाच. डबा ठेवलाय ती जागा बरोबर आहे.

२७ मार्च, शुक्रवार

कामावर गेलो नाही. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय. बाईंना फोन करून तक्रार नोंदवली.

“मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “जेवा, फिरून या, घरात कोणाशी बोलावंसं वाटलं तर बोला. फारच असह्य झालं तर मला पुन्हा फोन करा. एरवी गुरुवारी भेटू.”

दुपारी हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“मीटिंग नव्हती ते. त्या दिवशी तुमच्या शर्टाच्या बाहीला काळं ग्रीस होतं. मीटिंगमध्ये ग्रीस कुठून लागणार? दोनदा धुवावा लागला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होते.” मग तिने भाजी बाजूला ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसली. पुष्कळ वेळ बसली. घरातच एक तपासनीस होता आणि मला पत्ता नव्हता.

२ एप्रिल, गुरुवार

बाईंनी आज कागदावर एक शिडी काढली. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी भीती. सगळ्यांत खाली: उघड्या लिफ्टसमोर उभं राहणं. मग: दार उघडं ठेवून आत उभं राहणं. मग एक मजला, मग तीन. सगळ्यांत वर काय लिहायचं ते मी सांगायचं होतं. मी म्हणालो, नववा मजला. कुठला नववा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

घाम फुटला तर फुटू द्यायचा, पळायचं नाही. भीती काही वेळ चढते आणि मग आपोआप उतरते, असं त्या म्हणतात. मी विचारलं, आणि नाही उतरली तर? म्हणाल्या, तर आपण दोघं तिथेच थांबून बघू.

६ एप्रिल, सोमवार

कार्यालयाच्या लिफ्टमध्ये दार अडवून सहा मिनिटं उभा राहिलो. पाठीतून घाम. चार जण येऊन गेले. प्रत्येकाने विचारलं, “वर?” मी म्हणालो, “नाही.” मग विचारलं, “खाली?” मी म्हणालो, “नाही, नुसता उभा आहे.” सरकारी नोकरीत याचं कोणाला नवल वाटलं नाही. पाचव्या मिनिटाला छातीतली धडधड खरंच उतरायला लागली.

आजच कळलं की ताई परवा जिना उतरायला निघाली होती. आठव्या मजल्यावर पाय लटपटला, शेजाऱ्यांनी धरून परत वर नेली. ही सांगत होती आणि मी ऐकत होतो. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं तरी किती? भीती माझी आणि कोंडून ठेवलं तिला.

९ एप्रिल, गुरुवार

आज बाई खाली येऊन माझी वाट बघत होत्या. दोघं एक मजला गेलो. दार बंद झालं तेव्हा मी डोळे मिटले, बाई म्हणाल्या, उघडे ठेवून बघा. उघडले. समोर प्रमाणपत्र, आमच्याच खात्यातल्या दुसऱ्या लिफ्ट तपासनिसाची सही, मुदत जुलैपर्यंत. पहिल्या मजल्यावर उतरलो आणि तिथेच पायरीवर बसलो. मग पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की बाईंनीच बाजूचा दांडा घट्ट धरलाय. विचारलं तर म्हणाल्या, लहानपणापासून थोडी धाकधूक वाटते. मी त्यांना जबडे आणि रूळ पुन्हा समजावून सांगितले. त्यांना बराच धीर आला.

१६ एप्रिल, गुरुवार

सातव्या मजल्यापर्यंत लिफ्टने. एकटा. वेळेवर पोचलो, त्यामुळे बैठक पहिल्यांदाच पूर्ण पन्नास मिनिटांची झाली.

मी बाईंना सुचवलं की त्यांनी ताईला फोन करून सगळं समजावून सांगावं. व्यावसायिक माणसाने सांगितलं की लोक ऐकतात. त्या म्हणाल्या, “ते तुमचं आहे.”

“तुम्ही मग करता काय?”

“तुम्ही ते करेपर्यंत तुमच्याबरोबर असते.”

मग मीच बाईंना तो पट्टीचा नियम सांगितला. ज्याने लावली त्यानेच काढायची. सांगता सांगता थांबलो. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

शेरा: बाईंबद्दल पाच मार्चला जो शेरा लिहिला, तो रद्द.

१८ एप्रिल, शनिवार

स्थळ: ताईची इमारत.

सकाळी दहाला गेलो. पट्टी उन्हाने पांढुरकी झाली होती आणि तिच्यावर कोणीतरी पेनाने माझं चित्र काढलं होतं, नाक बरंच मोठं. नखाने कोपरा उचलला आणि ओढून काढली. दाराला दोन थेंब तेल घातलं, कुरकुर गेली. दोन थेंबांसाठी आठ आठवडे.

आत शिरलो. नऊ दाबलं. चौथ्यापाशी छाती धडधडायला लागली. सहाव्यापर्यंत वाढत गेली, मग उतरली. एक्केचाळीस सेकंद. तसाच खाली जाऊन पुन्हा वर आलो, नियमाप्रमाणे, काचेत नवीन प्रमाणपत्र सही करून लावलं आणि मग ताईची घंटी दाबली.

ती काठी टेकत आली. बारीक झाली आहे. दारातच उभी राहिली.

“काय रे? आणखी काही बंद करायचं राहिलंय?”

“लिफ्ट चालू केली.”

“उपकार झाले.”

ती दार लावणार तेवढ्यात मी बोलायला लागलो. घरात बोलवायची वाट बघितली असती तर धीर गेला असता. तिथेच पायपुसण्यावर उभा राहून सगळं सांगितलं. तीन दहा, तिसरा आणि चौथा मजला, काचेतली माझी सही, नातेवाईक म्हणालो ते, मीटिंग म्हणालो ते. आणि तिची लिफ्ट बंद केली ती सुडाने नव्हे, मला आत जायची भीती वाटत होती म्हणून. हेही सांगितलं की ताई, मला माफ कर.

ती चपलांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर बसली.

“किती वाजता अडकलास म्हणालास?”

“तीन दहा ते तीन पन्नास.”

“बाबांनी तीनदा विचारलं, तो आला का,” ताई म्हणाली. “दोनदा मी सांगितलं, निघालाय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांची तगमग मला बघवेना. मी म्हटलं, पोचलाय, लिफ्टमध्ये आहे, येतोच आहे. तर म्हणाले, लिफ्टमध्ये आहे ना, मग काळजी नाही. आणि डोळे मिटले.” तिने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “बापाशी शेवटचं बोलले ते खोटं बोलले. तेही तुझ्यासाठी. तू आला नाहीस याचा राग नव्हता रे मला. तुझ्यापायी मी खोटी पडले, याचा होता.”

“किती वाजता विचारलं?”

तपासनिसाची खोड. पण तिला माहीत होतं.

“साडेतीन. नर्स तेव्हाच तपासायला आली होती.”

आम्ही दोघांनीही तेच गणित केलं असणार, आणि ते अवघड नव्हतं.

“म्हणजे होतास तू लिफ्टमध्ये,” ताई म्हणाली.

“होतो.”

मग ती रडली, मीही रडलो. पायपुसण्यावरून आत यायचं सांगायला ती विसरली आणि मलाही सुचलं नाही. शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं आणि हळूच लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “मला खाली ने. आठ आठवडे जमीन बघितली नाही.”

चाचणीच्या दिवशी प्रवासी घेऊ नयेत, असा नियम आहे. मी तो बाजूला ठेवला. ताईने एका हातात काठी धरली आणि दुसऱ्या हाताने माझं कोपर. आत शिरल्यावर तिने काचेतलं नवीन प्रमाणपत्र शोधलं आणि सहीवर बोट ठेवलं. आत दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून मलाच म्हणाली, “ही आमच्या भावाची सही.”

दार बंद झालं.

“पडणार नाही ना रे?”

“लिफ्ट पडत नाही, ताई. फार तर थांबते.”

शेरा: प्रवासी दोन. चालू.